कौल – ११ : दुसऱ्या पसंतीचा हिशेब

एक्झिट पोलबद्दल या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. जयनगरच्या थर्ड ब्लॉकमधल्या एका वाचकांनी सोळा मतांवरचा माझा आधीचा लेख वाचून एक प्रश्न विचारला आहे आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. त्यांचं म्हणणं असं : मतदारांचा उत्साह, पाठिंब्याची पत्रकं, सभांची गर्दी हे सगळं आमदार-खासदारांच्या निवडणुकीत ठीक आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मोजायचं काय? मतदार मोजके, सगळ्यांची नावं माहीत. पक्षांनी पाठिंबा जाहीर केला की बेरीज करायची आणि निकाल सांगायचा.

बहुतेक वेळा ते तसंच होतं, हे मान्य. २००७ साली शिवसेनेने रालोआत असूनही प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला. भैरोसिंह शेखावत अपक्ष म्हणून उभे होते. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळालं, आणि निकालाच्या दिवशी फारसं कोणी चकित झालं नाही. पण एका निवडणुकीत ही बेरीज साफ खोटी पडली, आणि तिची सुरुवात झाली ती या वाचकांच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, लालबागेच्या ग्लासहाउसमध्ये.

साल १९६९. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. जुलैत अखिल भारतीय काँग्रेस समितीचं अधिवेशन बंगळुरात भरलं. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायचा होता. इंदिरा गांधींच्या मनात जगजीवनराम होते. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा आणि त्यांच्या गटाला, म्हणजे सिंडिकेटला, लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी हवे होते. १२ जुलैला काँग्रेसच्या संसदीय मंडळात मतदान झालं आणि रेड्डींचं नाव बहुमताने ठरलं. रेड्डींच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आपले दोघे होते, यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते. त्यांनी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं आणि २० जुलैला पदाचा राजीनामा दिला.

पुढे रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही झाली ती पंतप्रधान इंदिरा गांधींची. पाठिंब्याचा यापेक्षा वजनदार कागद भारतीय निवडणुकीत दुसरा निघाला नसेल. देशाच्या पंतप्रधान, संसदेत सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्या, आणि त्यांची सही. बेरीज करणाऱ्याने त्या दिवशी रेड्डींना विजयी म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती.

पण त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली होती. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं गेलं आणि १९ तारखेला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती, आपल्या बंगळूरची कॅनरा होती. दिल्लीत पंतप्रधानांच्या बंगल्यापुढे रोज माणसं जमू लागली. टॅक्सीवाले, रिक्षावाले, छोटे दुकानदार, कारकून. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत यांतल्या एकालाही मत नव्हतं! तरीही माझ्या मते त्या निवडणुकीतला खरा उत्साह मोजायचा तर तो इथेच मोजायला हवा होता. कारण ज्यांना मत होतं त्या आमदार-खासदारांना पुढेमागे याच माणसांच्या दारात जायचं होतं. पाठिंबा वरून येतो, उत्साह खालून येतो आणि राष्ट्रपती निवडणारा मतदार या दोहोंच्या मध्ये उभा असतो. शिवाय मतदान गुप्त असतं आणि पक्षाला या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही.

निजलिंगप्पांना हे जाणवलं असावं. त्यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेऊन त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. मग इंदिरा गांधींच्या गोटाने विचारलं : काँग्रेसचा उमेदवार विरोधकांच्या मतांवर निवडून आणायचा असेल, तर आम्ही तरी बांधलेले का राहावं? आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्या असं आवाहन आलं. ज्या अर्जावर स्वतःची सही होती, त्या अर्जाच्या बाजूने मत द्या असं सांगायचं इंदिरा गांधींनी नाकारलं.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचा पहिल्या पसंतीचा उमेदवार कोण होता? चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. त्या राजीनाम्यानंतर मराठी घराघरांत या माणसाबद्दल जो आदर होता, तो एखाद्या मोजणीत सापडला असता तर आकडा फार मोठा निघाला असता. पण राष्ट्रपती निवडणाऱ्या मंडळात आदराला मूल्य नसतं. मूल्य असतं ते मतपत्रिकेला. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य होतं ५७६. महाराष्ट्राच्या आमदाराचं १४६ आणि म्हैसूर राज्याच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या आमदाराचं १०९.

आता मतपत्रिका जरा जवळून पाहू, कारण माझा सगळा जीव तिच्यात आहे. तिच्यावर शिक्का मारायचा नसतो की बटण दाबायचं नसतं. नावांपुढे आकडा लिहायचा. १ अनिवार्य, पुढचे ऐच्छिक. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो. मात्र ‘एक’, ‘दोन’ असं अक्षरांत लिहिलं तर चालत नाही. आपल्या नेहमीच्या मतदानात आवडता आणि नाइलाजाने निवडलेला यांत फरक उरत नाही. या मतपत्रिकेवर तो फरक स्वतः मतदाराच्या हाताने नोंदला जातो. २०१८ साली इथे जयनगरात मतदानाला आठवडा उरला नसताना धर्मनिरपेक्ष जनता दलाने उमेदवार मागे घेऊन काँग्रेसला पाठिंबा दिला. त्यांचे किती मतदार खरोखर काँग्रेसकडे गेले, हे कळायला मार्ग नाही. मतयंत्र तेवढं बोलत नाही. १९६९ची मतपत्रिका बोलते.

मतदान १६ ऑगस्टला झालं, मोजणी २० ऑगस्टला. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोणालाच पुरेसं मूल्य नव्हतं. मग खालच्या उमेदवारांना एकेक करून बाद करत त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवल्या गेल्या.

आता पत्रकांवरून बेरीज करा. रेड्डी आणि देशमुख मिळून ४,२६,३१७. लागणाऱ्या आकड्यापेक्षा आठ हजारांनी जास्त! जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाला घातलेली गळ पुरती लागली असती, देशमुखांची प्रत्येक मतपत्रिका पुढे रेड्डींकडे वळली असती, तर रेड्डी १९६९ सालीच राष्ट्रपती झाले असते. प्रत्यक्षात शेवटचे आकडे निघाले गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

गळती कुठे झाली ते शोधता येतं, आणि हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडून पाहतो. गिरींना नंतरच्या फेऱ्यांत १८,५६२ मूल्य मिळालं. देशमुख सोडून बाकी सगळ्या किरकोळ उमेदवारांचं एकत्र मूल्य होतं ८,५०५. ते सगळंच्या सगळं गिरींना गेलं असं धरलं तरी १०,०५७ उरतात, आणि ते देशमुखांच्या गठ्ठ्यातूनच आले असले पाहिजेत. याखेरीज १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिका गिरी किंवा रेड्डी यांच्यापैकी कोणाकडेच गेल्या नाहीत; मतदारांनी पुढचा आकडा या दोघांपुढे लिहिलाच नाही. देशमुखांना मत देणारे सगळेच त्या दोन पक्षांचे नव्हते, हे लक्षात घेऊनही ही गळती मोठी आहे. रेड्डींबद्दल उत्साह किती कमी होता, हे सांगायला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. गिरी आणि रेड्डी यांच्यातला फरक १४,६५०, म्हणजे तेरा खासदारांनी आकडे उलट लिहिले असते तर निकाल फिरला असता.

त्याच यादीत आणखी एक मराठी नाव आहे : पां. ना. राजभोज. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हे नेते १९५२ साली सोलापुरातून लोकसभेत गेले होते. १९६९मध्ये त्यांना ८३१ मूल्य मिळालं. एका उमेदवाराला मिळालं नेमकं ५७६, म्हणजे बहुधा एकाच खासदाराचं मत. आणि पंधरा उमेदवारांपैकी पाच जणांना शून्य. हे पाच शून्य मला फार बोलके वाटतात. उमेदवारी अर्जावर तेव्हा सूचक आणि अनुमोदक लागत, आणि दोघेही मतदारच असावे लागत. म्हणजे या पाचही जणांच्या अर्जांवर ज्यांनी सही केली, त्यांनीसुद्धा त्यांना पहिली पसंती दिली नाही. पुढे १९७४ साली दहा सूचक आणि दहा अनुमोदक हवेत असा नियम झाला. १९९७पासून ते पन्नास-पन्नास आहेत.

थर्ड ब्लॉकच्या वाचकांना माझं उत्तर असं. बेरीज जरूर करावी, पण प्रत्येक पत्रकापुढे विचारावं : हा पाठिंबा देणाऱ्याला स्वतःच्या माणसांना उद्या तोंड दाखवायचं आहे का, आणि ती माणसं कुठे उभी आहेत? २००७ला शिवसेनेच्या पाठिंब्याखाली मराठी राष्ट्रपती ही भावना होती. तो कागद आणि खालचा उत्साह एकाच दिशेने होते. १९६९ला काँग्रेसचा अधिकृत पाठिंबा एकीकडे होता आणि बँकांच्या निर्णयाने ढवळलेली माणसं दुसरीकडे. अमेरिकेत १९४८ साली बहुतेक वर्तमानपत्रांनी ड्युई यांना पाठिंबा दिला होता आणि निवडून आले ट्रुमन; तीही याच जातीची गोष्ट आहे, पण तिथे दुसरी पसंती लिहिलेली नसल्यामुळे गळतीचा असा माग काढता येत नाही.

१९६९च्या त्या निवडणुकीवर खटला झाला. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक खासदारांत वाटलं गेलं, अशी तक्रार होती. खुद्द राष्ट्रपती गिरी साक्षीला सर्वोच्च न्यायालयात हजर राहिले, आणि १९७०मध्ये याचिका फेटाळली गेली. काँग्रेस त्याआधीच, नोव्हेंबर १९६९मध्ये फुटली होती. यशवंतराव इंदिरा गांधींबरोबर राहिले, स. का. पाटील दुसरीकडे. रेड्डी १९७७ साली राष्ट्रपती झाले, आणि तेही बिनविरोध.

जुलै १९६९च्या त्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून राबलेले, किंवा कोणाच्या हाताला धरून लालबागेत गेलेले वाचक आपल्या भागात नक्की असतील. तिथे कुजबूज काय चालली होती, कोणाच्या नावाला टाळ्या पडत होत्या, हे मला हवं आहे. आठवेल तसं, मोडकंतोडकं का होईना, लिहून पाठवा. एक्झिट पोल पुढच्या आठवड्यात.