सॉल्ट लेकचा पत्ता आणि संज्ञापनाचे गणित

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेले सॉल्ट लेक, अर्थात बिधाननगर, हे आखीव-रेखीव उपनगर आहे. युगोस्लाव्हियाचे वास्तुरचनाकार डोब्रिवोये तोश्कोविच यांनी त्याचा आराखडा तयार केला आणि खाऱ्या पाण्याच्या उथळ सरोवरात हुगळी नदीतील गाळ भरून १९६० च्या दशकात येथे जमीन तयार करण्यात आली. रुंद रस्ते, दाट झाडी, वर्तुळाकार चौक, जागोजागी उद्याने असे सर्व काही येथे आहे. तरीही नवख्या माणसाला येथे एखादे घर शोधणे जड जाते. एक चौक दुसऱ्यासारखाच दिसतो. दिशादर्शक फलक उभारणाऱ्या ग्राफिक डिझाइनकारापुढे नेमकी हीच अडचण असते, आणि तिची उकल करण्यास संज्ञापन सिद्धान्त उपयोगी पडतो.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हा सिद्धान्त मांडला. त्यांचा विचार दूरध्वनी आणि तारायंत्रासंबंधी होता. संदेश पाठविणारा त्याला सांकेतिक रूप देतो, तो एका माध्यमातून प्रवास करतो, वाटेत त्यात व्यत्यय मिसळतो आणि घेणारा त्याची उकल करतो. शॅनन यांनी अर्थाचा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मात्र रस्त्यावरील फलकाला ही मांडणी चपखल बसते. मावळता प्रकाश, पावसाने पुसट झालेला रंग, वाढलेल्या फांद्या, दुर्गापूजेच्या दिवसांत लागणारी मोठमोठी जाहिरात-तोरणे हे सारे व्यत्ययच होत.

व्यत्ययावर मात करण्याचा मार्ग म्हणजे पुनरुक्ती. एरवी लेखनदोष मानली जाणारी ही गोष्ट संज्ञापनात संरक्षक ठरते. ‘सोलापूर’ या नावातील ‘ला’ पुसला गेला तरी मराठी वाचक ते बिनचूक वाचतो, कारण उरलेली अक्षरे त्याला आधार देतात. सॉल्ट लेकमधील गटांची नावे मात्र दोन रोमन अक्षरांची आहेत: बीडी, सीडी, सीई, डीडी. येथे एक अक्षर गेले की आधाराला काहीच उरत नाही, कारण त्याच्या जागी दुसरे कोणतेही अक्षर बसविले तरी बहुधा एखाद्या खऱ्या गटाचेच नाव तयार होते.

कानाच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच वाढते. बी, सी, डी, ई, जी ही सर्व अक्षरे ‘ई’काराने संपतात. रात्री दूरध्वनीवरून रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना ‘बीडी’चे ‘डीडी’ होण्यास फारसा वेळ लागत नाही. डोळ्यांसाठी केलेला संकेत कानांना पेलत नाही, तो असा. या रचनेचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. अक्षरे बहुतांशी क्रमाने असल्याने एका अक्षराची चूक माणसाला बहुधा शेजारच्या गटात नेते, शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. नवी मुंबईत वाशीचाही सेक्टर १० आहे आणि नेरुळचाही. तेथे उपनगराचे नाव गाळले की चूक काही किलोमीटरची होते.

सॉल्ट लेकच्या रहिवाशांनी या उणिवेवर स्वतःच उपाय शोधला. वसाहतीतील पाण्याच्या उंच टाक्यांना क्रमांक आहेत आणि बसवाहकापासून रिक्षाचालकापर्यंत सर्व जण ‘अमुक नंबरची टाकी’ अशी खूण सांगतात. टाकी झाडांच्या वर दिसते, अंक बहुतेकांना वाचता येतो आणि उच्चारात गोंधळ होत नाही. कोणत्याही डिझाइनकाराने न आखलेला हा फलक सर्वांत यशस्वी ठरला, असे म्हणावे लागेल. मुंबईचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेले ‘सिटी सेंटर’ हे व्यापारी संकुल २००४ मध्ये येथे उभे राहिले, तेही लवकरच अशीच खूण बनले. नवी मुंबईची कल्पना प्रथम मांडणाऱ्या तिघांपैकी कोरिया हे एक होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये येथे मेट्रो सुरू झाली. स्थानकांची नावे बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत लिहिली जातात आणि या मार्गाची ओळख हिरव्या रंगाने दिली जाते. तीन लिप्यांत एकच नाव लिहिणे ही विचारपूर्वक केलेली पुनरुक्ती होय; मात्र तिन्ही ओळी सारख्याच ठळक केल्यास डोळ्याला आपली ओळ शोधावी लागते आणि पुनरुक्तीचाच व्यत्यय होतो. रंगाची साथही नावाला पूरक म्हणूनच उपयोगी, कारण हिरवा-तांबडा भेद न दिसणारे प्रवासीही असतात.

याच मार्गावरील दोन स्थानके विशेष पाहण्यासारखी आहेत: ‘सॉल्ट लेक सेक्टर ५’ आणि ‘सॉल्ट लेक स्टेडियम’. पहिले दोन शब्द दोन्हीकडे समान असल्याने ते प्रवाशाला नवीन काहीच सांगत नाहीत. खरी माहिती शेवटच्या शब्दांत आहे. त्यातही पहिल्या नावातील पाचचा अंक इंग्रजीत रोमन पद्धतीने लिहिला जातो आणि तो ‘व्ही’ या अक्षरासारखा दिसतो. लोक मात्र ‘सेक्टर फाइव्ह’ म्हणतात. रोमन अंक ठाऊक नसलेल्या प्रवाशाला ऐकलेले नाव आणि वाचलेले नाव एकच आहे, हे त्या फलकावरून कळत नाही.