हक्काचे मैदान – लेखांक 6 : पदकाआधीचा न्याय

मागच्या लेखांकात बक्षिसांचा विचार केला. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने 29 पदके मिळवली आणि केंद्र सरकारने सुवर्णाला 75, रौप्याला 50 आणि कांस्याला 30 लाख रुपये दिले. हे योग्यच झाले. पण ही रक्कम पदक मिळवलेल्यांच्या हाती पडते. दिव्यांग मुलाला न्याय मिळतो की नाही, हे त्याच्या कितीतरी वर्षे आधी शाळेच्या पीटीच्या तासाला ठरून जाते. ‘तू बाजूला बस, स्कोअर लिही’ हे वाक्य सहसा मायेपोटीच उच्चारले जाते, आणि म्हणूनच त्याला कोणी हरकत घेत नाही. ते मूल पुढे कोणत्याच निवड चाचणीपर्यंत पोहोचत नाही आणि आपण म्हणतो, आमच्याकडे असे खेळाडूच नाहीत.

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. 30 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर 10 मीटर एअर रायफलच्या एसएच-1 गटात 203.9 गुणांसह चौथा आला. रायफलचे वजन स्वतःच्या हातांनी पेलू शकणाऱ्या नेमबाजांचा हा गट आहे. ज्यांना स्टँडचा आधार लागतो, ते एसएच-2 मध्ये खेळतात. हा पॅरालिम्पियन नेमबाजीतच का घडला असावा? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पुढे स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे या जिल्ह्यात नेमबाजी म्हणजे काय, हे घरोघरी माहीत आहे. खेळ जिथे आधीच रुजलेला असतो, तिथे दिव्यांग खेळाडूलाही सोबतीला जाणकार माणसे मिळतात, असे माझे अनुमान आहे. ते बरोबर असेल, तर प्रत्येक गोष्ट वेगळी आणि नव्याने उभारायची गरज नाही. आहे त्या रेंजचे, तलावाचे, संकुलाचे दार व्हीलचेअर आत जाईल एवढे रुंद हवे आणि दिव्यांगांना शिकवता येईल असा प्रशिक्षक आत हवा. पेठापेठांत तालमी असलेल्या आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या शहराकडे ही मागणी करणे मुळीच अवाजवी नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्पर्धेच्या दर्जाचा. तिथे चुरस कमी, पदक सोपे, असे बोलले जाते. पॅरिसमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने एफ-46 या हाताचे दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात गोळा 16.32 मीटर फेकला आणि त्याला रौप्य मिळाले. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचे, 16.38 मीटर. दोघांत अंतर सहा सेंटीमीटरचे. कुस्तीत वजनगट असतात म्हणून 57 किलोच्या पैलवानाचे पदक कोणी हलके मानत नाही. खासबागेचे मैदान पाहिलेल्या माणसाला तर हे समजावून सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि जास्त गंभीरही. गुणवत्ता असेल तर माणूस आपोआप वर येतो, वेगळी तजवीज कशाला? राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हाही हाच सूर निघाला होता. आपोआप वर येण्याची किंमत किती, हे मुरलीकांत पेटकरांच्या आयुष्यात दिसते. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, उपचार म्हणून पोहू लागला आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. मधली 46 वर्षे गुणवत्ता जागेवरच होती, फक्त ती पाहण्याची सोय कोणी केलेली नव्हती. आणि पेटकर निदान पाण्यात उतरू तरी शकले. जे उतरलेच नाहीत, त्यांची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार?

उरला पैशाचा प्रश्न. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यामुळे ‘मूठभरांसाठी एवढा खर्च’ हे म्हणणे टिकत नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 30 क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची, त्यासाठी निधी देण्याची आणि खास स्पर्धा भरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो थोडीथोडी रोख रक्कम किंवा वस्तू वाटून संपतो. ती मदत थांबवा असे कोणी म्हणणार नाही, कारण घरखर्चाची निकड खरी आहे. पण पंचायत समितीने आणि महापालिकेने त्यातला ठरावीक वाटा खेळासाठी बाजूला काढला, तर तालुक्याला एक प्रशिक्षक, शाळांतून तपासणी आणि कोणता मुलगा किंवा मुलगी कोणत्या गटात बसते हे सांगणारे शिबिर एवढे सुरू करता येईल. हे गट कसे ठरतात, त्यात वाद कुठे होतात आणि मूकबधिर खेळाडूंना पॅरालिम्पिकऐवजी डेफलिम्पिककडे का जावे लागते, ते पुढच्या लेखांकात पाहू.