अनिवा बेटावरचा आठवडा

दक्षिण प्रशांत महासागरात, आजच्या वानुआटू देशाच्या दक्षिण टोकाला, अनिवा नावाचं प्रवाळबेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ८ चौरस किलोमीटर, सगळ्यांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ४२ मीटर. नदी नाही, ओढा नाही, गलबताला नांगर टाकता येईल असं चांगलं बंदरही नाही. सुमारे २४ किलोमीटरवर टॅना हे मोठं बेट आणि त्यावर सतत धुमसणारा यासूर ज्वालामुखी. १८६६च्या नोव्हेंबरात जॉन पेटन आणि मार्गारेट पेटन हे स्कॉटिश मिशनरी जोडपं इथे उतरलं आणि १८८१पर्यंत इथेच त्यांचा संसार झाला. त्या काळी या द्वीपसमूहाला न्यू हेब्रिडीज म्हणत.

मिशनरी म्हटलं की हातात बायबल घेतलेला, भाल्यांसमोर उभा ठाकलेला दाढीवाला पुरुष डोळ्यांसमोर येतो. पेटन यांच्या आत्मचरित्रानं हे चित्र घडवायला चांगलाच हातभार लावला. पण अनिवावर त्यांनी जे उभारलं आणि जे सगळ्यांत जास्त टिकलं, ते या चित्रात दिसत नाही. ते होतं सात दिवसांचं वेळापत्रक. बेटावरचा काळ तोवर चंद्राच्या कलांवर आणि कोनफळाच्या लावणी-काढणीवर चालत होता. सोमवार काय किंवा रविवार काय, कुणाला ठाऊक नव्हतं. धर्म पटला की नाही हे नंतर ठरायचं. त्याआधी बेटाला वार शिकावे लागले.

पेटन इथवर आले ते मोठी किंमत मोजून. जन्म १८२४चा, डम्फ्रीजजवळच्या खेड्यात. वडील मोजे विणणारे, मुलगाही लहानपणी त्याच मागावर बसला. पुढे ग्लासगोच्या गरीब वस्त्यांत त्यांनी दहा वर्षं धर्मप्रचार केला आणि थोडं वैद्यकही शिकून घेतलं. १८५८ साली पहिली पत्नी मेरी ॲन हिच्यासह ते टॅनाला गेले. चार महिन्यांच्या आत बाळंतपणानंतर ती गेली, पाठोपाठ मूलही गेलं. दोघांना त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरलं. हिवतापाचे झटके, बेटावरची भांडणं, अंगावर चालून येणारी माणसं हे सगळं सोसून १८६२ साली अखेर ते जीव वाचवून निघाले. शेजारच्या एरोमँगा बेटावर जॉर्ज आणि एलन गॉर्डन या मिशनरी जोडप्याला लोकांनी १८६१ साली ठार केलं होतं. जहाजांबरोबर आलेल्या गोवरानं तेव्हा त्या भागातली बेटं झोडपली होती आणि रोगाचा ठपका मिशनऱ्यांवर आला होता. त्या ठपक्यात थोडं तथ्यही होतं, कारण रोग गोऱ्यांच्या जहाजांतूनच येत होते.

मार्गारेट व्हाइटक्रॉस ही एडिंबरोची. १८६४ साली लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांच्या आसपास होती. अनिवावरून ती घरी लांबलचक पत्रं पाठवायची. ती पत्रं पुढे १८९४ साली पुस्तकरूपानं आली, आणि या मिशनचं रोजचं चलनवलन कळायला त्यांच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. नवऱ्याच्या आत्मचरित्रात प्रत्येक प्रसंगाला देवाचा हात लागलेला असतो. बायकोच्या पत्रांत स्वयंपाकघर असतं, मुलांची आजारपणं असतात, टपालाची वाट पाहणं असतं आणि नवऱ्याची हलकी थट्टाही असते.

शनिवारची भट्टी

या वेळापत्रकाचा कणा रविवार होता, आणि रविवारची तयारी शनिवारी होई. रविवारी चूल पेटवायची नाही हा नियम. बेटावरची चूल म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. त्यात दगड तापवायचे, त्यावर पानांत गुंडाळलेली कोनफळं, अळूचे कंद, नीरफणस रचायचे आणि वरून झाकून टाकायचं. शनिवारी बेटभर या भट्ट्या लागत आणि दोन दिवसांचं अन्न शिजून निघे. कुठल्या घरानं मिशनचा मार्ग धरला हे कळायला रविवारी कुठे धूर दिसतो एवढं पाहणं पुरे होतं. जेवणाआधी प्रार्थना आणि सकाळ-संध्याकाळ घरातली उपासना या आणखी दोन खुणा. पेटन त्यांचा हिशेब बारकाईनं ठेवत.

रविवारी उपासना, त्यानंतर लहानथोरांचे वर्ग, मग गावोगाव फिरणं. आठवड्याच्या मध्यावर प्रार्थनासभा. बाकीच्या दिवशी शाळा अगदी पहाटे भरे, कारण ऊन चढलं की लोक मळ्यांत आणि समुद्रावर जात. शाळेचा विद्यार्थी म्हणजे लहान मूलच असं नव्हतं. नातू आणि आजोबा एकाच वर्गात बसत.

आपल्याकडे रविवारची सुट्टी कशी आली हे आठवलं तर तुलना उद्बोधक ठरते. मुंबईच्या गिरणी कामगारांना तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झगडावं लागलं आणि १० जून १८९० रोजी ती मंजूर झाली. तिथे विश्रांती हा कामगारानं मागून घेतलेला हक्क होता. अनिवावर विश्रांती आज्ञा म्हणून आली. तीही अशा लोकांकडे, ज्यांना यंत्राच्या भोंग्यावर राबण्याची सक्ती कधी माहीतच नव्हती.

विहीर

सारं बेट पेटन यांच्याकडे वळलं ते मात्र एका विहिरीमुळे, निदान त्यांच्या सांगण्याप्रमाणे. पिण्यासाठी लोक शहाळ्यावर, उसावर आणि साठलेल्या पावसाच्या पाण्यावर भागवत. पेटन यांनी घराजवळ विहीर खणायला घेतली तेव्हा नामाकेई हा म्हातारा प्रमुख काळजीत पडला. पाऊस वरून पडतो, तो जमिनीखालून कसा येईल? मिशनऱ्याचं डोकं फिरलं असावं, असा त्याचा समज झाला. माती उपसायला पेटन मजुरीदाखल मासे पकडायचे गळ देत होते, म्हणून तरुण कामाला येत. पण बारा फुटांच्या सुमारास एक बाजू ढासळली आणि कुणी आत उतरेना. मग पेटन स्वतः खाली आणि माणसं वर कप्पी ओढायला, अशी कामाची वाटणी झाली. तीस फुटांच्या आसपास पाणी लागलं. किंचित मचूळ, पण पिण्याजोगं.

यामागचं कारण भूगर्भशास्त्राचं आहे. प्रवाळखडक सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत राहतं. गोड्या पाण्याचा हा थर जिथे पुरेसा जाड असतो तिथे नेमक्या खोलीवर गोडं पाणी मिळतं. थोडं जास्त खणलं किंवा जागा चुकली तर खारं. पुढे बेटावरच्या लोकांनी इतरत्र विहिरी खणून पाहिल्या तेव्हा कुठे अभेद्य खडक लागला, कुठे समुद्राचं पाणी. पेटन यांची जागा साधली हे नशीब. त्यांनी मात्र ती देवाची कृपा मानली आणि नामाकेईनंही. पुढच्या रविवारी उपासनेत तोच बोलायला उभा राहिला. डोळ्यांना न दिसणारं पाणी जमिनीखाली होतं, तसाच न दिसणारा देवही असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानंतर लोक घरातल्या देवमूर्ती आणून मिशनच्या दारात टाकू लागले, असं पेटन लिहितात. बेटावरचा पहिला प्रभुभोजनाचा विधी २४ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला. त्यात बारा जण होते.

घर, शिवणवर्ग, आरारूट

मिशनचं घर आधी दोन खोल्यांचं होतं, नंतर वाढत सहा खोल्यांचं झालं. प्रवाळ भाजून केलेला चुना भिंतींना लावलेला. घराच्या दोन्ही अंगांना अनाथ मुलामुलींची दोन वेगवेगळी घरं. साथींनी आणि भांडणांनी पोरकी झालेली मुलं इथे येत आणि त्यांची उस्तवार मार्गारेटकडे असे.

घर बांधतानाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पेटन यांना काही हत्यारं आणि खिळे हवे होते. त्यांनी लाकडाच्या ढलपीवर चार शब्द खरडले आणि नामाकेईच्या हाती बायकोकडे धाडले. तिनं ढलपी पाहिली, बाजूला टाकली आणि हव्या त्या वस्तू काढून दिल्या. लाकूड बोलतं हे पाहून म्हातारा थक्क झाला. पुढे अनिवाच्या भाषेत पहिलं छोटं पुस्तक छापलं गेलं तेव्हा ते बोलतं का, हे विचारायला तो रोज येई. पुस्तक हाती आलं तरी त्याला काही कळेना. अक्षरं दिसतच नव्हती. पेटन यांनी चष्मा दिला आणि म्हातारा वाचायला शिकला. अनिवाची भाषा पॉलिनेशियन कुळातली, शेजारच्या टॅनाच्या भाषांपेक्षा पार वेगळी. तिच्यातला नवा करार छापून व्हायला १८९९ साल उजाडलं.

मार्गारेटच्या वर्गात सुमारे पन्नास बायका आणि मुली होत्या. वाचन, गाणं, शिवण, टोप्या विणणं. काही वर्षांत मुली स्वतःचे कपडे बेतून शिवू लागल्या, पुरुषांचे सदरेही. उपासनेत गाणी बसवायचं कामही तिच्याकडेच होतं. हे सगळं स्वतःची बाळंतपणं आणि नाजूक प्रकृती सांभाळून. जवळ डॉक्टर नव्हता. औषधाची पेटी नवऱ्याकडे होती आणि त्या पेटीसाठी बेटभरचे रोगी दारात येत.

छपाईचा खर्च बेटानं आरारूट विकून उचलला. तिथल्या रानकंदाचा कीस पाण्यात पुन्हापुन्हा धुवून तळाशी बसलेलं सत्त्व उन्हात वाळवायचं. मग ते जहाजानं जाई आणि ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंडमधले मिशनचे हितचिंतक ते विकून पैसे उभे करत. जहाजाचं नाव ‘डेस्प्रिंग’. रविवारच्या शाळांतल्या मुलांनी सहा-सहा पेन्स जमवून ते बांधून घेतलं होतं. वर्षातून मोजक्या वेळा ते येई, तेव्हाच पत्रं, पीठ आणि कापड मिळे. १८७३च्या वादळात ते अनेटियम बेटावर फुटलं, मग दुसरं आणावं लागलं.

या कारभारात बेटवासी माणसं किती होती हे मिशनच्या गौरवग्रंथांत चटकन दिसत नाही. गोऱ्या जोडप्याआधी अनेटियम बेटाचे शिक्षक अनिवावर येऊन राहिले होते. त्यांतला एक जुन्या वैरातून मारला गेला, दुसरा जखमी झाला. शाळा चालवणारे, घर बांधणारे, होड्या वल्हवणारे, भाषा शिकवणारे हे सगळे बेटांवरचेच. स्कॉटलंडमध्ये मात्र नाव पेटन यांचं झालं. श्रेयाच्या बाबतीत मुंबईतही याहून वेगळं घडलं नाही. जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी जोडपं १८२९ साली तिथे आलं. मुलींच्या शाळांसाठी मार्गारेट विल्सन झटल्या आणि १८३५ साली तिथेच वारल्या. विल्सन कॉलेजला नाव लागलं ते मात्र जॉन यांचं.

तोफा आणि मजुरांची जहाजं

पेटन यांच्या नावावर एक डाग आहे. १८६५ साली ‘क्युरासोआ’ या ब्रिटिश युद्धनौकेनं टॅनाच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या. मिशनऱ्यांना दिलेल्या त्रासाची ती शिक्षा होती आणि पेटन दुभाषे म्हणून जहाजावर होते. अनेटियमवरचे ज्येष्ठ मिशनरी जॉन गेडी यांना हे मुळीच पटलं नाही. ऑस्ट्रेलियातही टीकेची झोड उठली. प्रेमाचा संदेश तोफेच्या सावलीत द्यायचा का, हा प्रश्न मिशनच्या आतूनच विचारला गेला होता, ही बाब नोंदवायला हवी.

याच पेटन यांनी क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांसाठी बेटांवरचे तरुण फसवून किंवा धाकानं नेणाऱ्या जहाजांविरुद्ध मात्र अनेक वर्षं आवाज उठवला. १८६३पासून चाललेल्या या व्यापारानं गावंच्या गावं तरण्या माणसांवाचून ओस पडत होती. मिशनला माणसं शाबूत हवी होती आणि व्यापाऱ्यांना मजूर. बेटावरच्या माणसाला स्वतःला काय हवं होतं, ते दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत क्वचितच सापडतं. कपडे घाला, कावा हे गुंगी आणणारं पेय पिऊ नका, रात्रीचे नाच बंद, असे मिशनचे नियम अनेक बेटांवर जाचक झाले.

१८८१नंतर पेटन कुटुंब मेलबर्नला राहू लागलं. जॉन पेटन गावोगाव, देशोदेशी फिरून निधी उभा करत. भाऊ जेम्स यांनी संपादित केलेलं त्यांचं आत्मचरित्र १८८९ साली आलं आणि खूप खपलं. मार्गारेट १९०५ साली वारली, जॉन १९०७ साली. त्यांचे दोन मुलगे याच बेटांवर मिशनरी झाले, त्यांतला फ्रँक टॅनावर. १९४८ साली या मिशनमधून उभं राहिलेलं प्रेस्बिटेरियन चर्च स्वायत्त झालं. १९८०च्या जुलैत वानुआटू स्वतंत्र झाला. प्रेस्बिटेरियन हा आजही त्या देशातला सगळ्यांत मोठा ख्रिस्ती पंथ आहे.

मिशनची खरी पकड कुठे होती याचा पुरावा मात्र मिशन नाकारणाऱ्यांकडेच मिळतो. १९४१ साली टॅनावर जॉन फ्रम नावाच्या गूढ पुरुषाची चळवळ उसळली. लोक एकाएकी चर्चमधून बाहेर पडले. कावा परत आला, नाच परत आले, मिशनच्या शाळा ओस पडल्या. या लोकांनी रविवार झुगारला आणि आपला पवित्र दिवस म्हणून शुक्रवार निवडला. यासूरच्या पायथ्याशी सल्फर बेच्या परिसरात शुक्रवारी रात्रभर गाणी आणि नाच चालतात. त्यांनी पेटन यांचा देव टाकला, नियम टाकले, मिशनच्या सत्तेला उघड नकार दिला. तो नकार मांडायला मात्र त्यांना आठवड्यातलाच एक वार लागला. मिशननं पहाटेच्या शाळांतून, शनिवारच्या भट्ट्यांतून आणि शिवणवर्गांतून जो आठवडा बेटांच्या अंगवळणी पाडला, तो प्रवचनांपेक्षा जास्त खोलवर रुजला होता. या मिशनचा इतिहास लिहायचा तर जॉनच्या आत्मचरित्राआधी मार्गारेटची पत्रं उघडावीत.