बोकडाच्या रेताचे ‘धुणे’ : शब्द आणि व्यवहार

मराठीत ‘धुणे’ या क्रियापदाबरोबर ‘मळ’ अध्याहृत असतो. कपडा धुतला, म्हणजे कपडा राहिला आणि मळ गेला. प्रयोगशाळेत रेत ‘धुतात’ असे म्हटले की श्रोत्याच्या मनात हीच अपेक्षा उभी राहते : शुक्राणू हा कपडा आणि त्याच्या भोवतालचा द्रव हा मळ. वस्तुतः त्या द्रवात शुक्राणूचे रक्षण करणारी द्रव्ये असतात, तशीच प्रसंगी घातक ठरणारीही असतात. यांपैकी कोणती बाजू वरचढ होईल, हे ते रेत पुढे कशात मिसळावयाचे आहे यावर अवलंबून असते. तांदूळ धुताना कोंड्याबरोबर थोडे जीवनसत्त्वही पाण्यात जाते. ही उपमा कपड्यापेक्षा अधिक जवळची होय.

सोलापूर, धाराशिव व लातूर हा उस्मानाबादी शेळीचा टापू असल्याने या प्रश्नाचे एक विशेष रूप येथे महत्त्वाचे ठरते. निवडक बोकडाचे रेत दूरच्या कळपांपर्यंत पोहोचवावयाचे, तर ते द्रवरूप नायट्रोजनात उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. परंतु थंड होत असतानाच शुक्राणूच्या पटलास इजा पोहोचते. ती टाळण्यासाठी वळूच्या रेतात अंड्याचा बलक मिसळण्याची रीत फिलिप्स व लार्डी यांनी १९४० मध्ये दाखवून दिली. पुढे १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी गोठविण्याच्या कामी ग्लिसरॉलचा उपयोग प्रकाशात आणला. गाई-म्हशींच्या बाबतीत ही रीत रुळली, आणि तेथे रेत धुण्याची गरजही सहसा पडली नाही.

बोकडापाशी मात्र ती अडखळली. ए. रॉय यांनी १९५७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले की, बोकडाचे रेत आणि त्याची काउपर ग्रंथी यांत बलक साकळविणारे एक विकर असते. हे विकर बलकातील लेसिथिनचे विघटन करते. त्यातून मेदाम्ले आणि लायसोलेसिथिन तयार होतात, व हे लायसोलेसिथिन शुक्राणूच्या पटलावरच घाला घालते. बलक एकटा हितकर, ग्रंथीचा स्राव एकटा निरुपद्रवी. दोघे एकत्र आले की विष! यावर सुचलेला सरळ उपाय म्हणजे धुणे. रेत क्षारद्रावणात मिसळून अपकेंद्री यंत्रात फिरवावयाचे, तळाशी बसलेले शुक्राणू ठेवावयाचे व वरचा द्रव ओतून द्यावयाचा. असा द्रव काढून टाकल्यास शुक्राणू अधिक टिकतात, असे फ्रान्समध्ये कॉर्टील यांना १९७४ मध्ये आढळले.

तथापि हा उपाय फुकटचा नव्हे. प्रत्येक धुण्यात काही शुक्राणू वरच्या द्रवाबरोबर वाहून जातात, हा तोटा डोळ्यांना दिसतो. न दिसणारा तोटा अधिक गंभीर आहे. शुक्राणूत पेशीद्रव अत्यल्प असतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांपासून बचाव करण्याची त्याची स्वतःची साधने तुटपुंजी असतात, आणि पटल तर सहज करपणाऱ्या असंतृप्त मेदाम्लांनी भरलेले. ही उणीव भोवतालचा द्रव भरून काढतो. तोच काढून घेऊन वर पेशी तळाशी दाबून बसविल्या, तर काय होते? एटकेन व क्लार्कसन यांनी १९८८ मध्ये मानवी शुक्राणूंबाबत दाखविले की, अशा दाबलेल्या गोळ्यात ती क्रियाशील रूपे वाढतात व शुक्राणूंची कार्यक्षमता घटते. शुक्राणू स्वतः पोहून स्वच्छ द्रवात येतील अशी व्यवस्था केल्यास हानी कमी होते. मानवी रेत थेट गर्भाशयात सोडण्यापूर्वी धुणे टाळता येत नाही, कारण त्यातील प्रोस्टाग्लँडिनांमुळे गर्भाशयात तीव्र कळा येतात. तेथे प्रश्न ‘धुवावे की नाही’ असा नसून ‘कसे धुवावे’ इतकाच उरतो.

शेळीच्या बाबतीत पहिला प्रश्नही खुला आहे. बलकाचे प्रमाण अगदी कमी ठेवल्यास न धुतलेले रेतही गोठविता येते. अँगोरा बोकडांवरील रिटार व सालमन यांचे १९८२ चे काम या दिशेचे आहे. बलकाऐवजी दूध वापरावे, तर त्याच ग्रंथीतील एक प्रथिन दुधातील मेदाचे विघटन करून आड येते. चार शेळ्या बाळगणाऱ्यास या निवडीचा अर्थ रोकडा आहे : रेतन फुकट गेले, तर पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते.

म्हणूनच नोंदवहीतील ‘दोनदा धुतले’ हा शेरा अपुरा होय. ‘मिनिटास १,५०० फेरे’ असे जोडूनही तो पुरा होत नाही. तेवढ्याच फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात गुरुत्वाच्या सुमारे २५० पट बल पडते, तर १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे ४०० पट. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा ठिकाणी ‘धुतले’ हा शब्द टाळून ‘रेतद्रव वेगळा केला’ असे लिहावे. त्यापुढे बल, मिनिटे, द्रावणाचे तापमान आणि नंतर मिसळलेल्या बलकाचे शेकडा प्रमाण द्यावे. सोलापुरी उन्हाळ्यात, मेजावरची बाटलीच जेथे चाळीस अंशांवर जाऊ शकते, तेथे तापमानाचा रकाना तर कधीच कोरा राहू नये.