बीएमआय सारखा, चरबी दुपटीहून जास्त!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण डेक्सा स्कॅन (शरीरातली चरबी मोजणारी एक्स-रे तपासणी) केल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती पळत गाठणं (हे त्यांनीच लिहिलंय, बरं का). शिवाय याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजनही कमी होतं, त्याचाही यात हात असू शकतो.

स्नायू किती, चरबी किती, हे बीएमआय सांगत नाही. तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेषा.