चीक गोठतो कशामुळे?

दूध तापवले तर साय येते, पण ते गोठत नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक मात्र नुसता वाफवला तरी त्याची वडी पडते. विरजण नाही, लिंबू नाही. हे कसे, असे वर्गात विचारून पाहावे.

उत्तर प्रथिनांत आहे. गाईच्या नेहमीच्या दुधात प्रथिने सुमारे ३ टक्के, आणि त्यांतले बहुतेक केसीन. केसीन उकळण्याला दाद देत नाही. पहिल्या चिकात प्रथिने १४ टक्क्यांच्या आसपास असतात व त्यांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा असतो. ती अंड्यातल्या पांढऱ्याप्रमाणे उष्णतेने गोठतात.

पण चिकात एवढी प्रतिपिंडे कशासाठी? माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे जन्माआधीच वारेतून मिळतात. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. त्याच्या आतड्याचे अस्तर मात्र सुरुवातीला ही मोठी प्रथिने न पचवता अखंड रक्तात घेते. ही वाट तासातासाने आकसते आणि साधारण २४ तासांत बंद होते. म्हणूनच वार पडेपर्यंत वासराला पिऊ द्यायचे नाही, ही काही गोठ्यांतली रीत घातक आहे. ३० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांतच वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३ लिटर चीक मिळायला हवा.

खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो. त्यात दूध कमी मिसळावे लागते, एवढेच.