'पेपर' म्हणजे कागद की मिरी? फोनवर ऑर्डर घेताना इंग्रजी स्वर असे सांभाळा

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे नीट लिहून देते.

मुलुंडला माझं फराळाचं दुकान आहे. एकदा दिवाळीच्या आधी अंधेरीच्या एका ऑफिसातून फोन आला. बाई परदेशातल्या. चकली हवी, 'पेपर' हवी, प्लेन नको. मी मनात म्हटलं, वा, प्लास्टिक नको म्हणतायत! 40 बॉक्स साधी चकली मस्त कागदी पॅकिंग करून पाठवली. त्यांना हवी होती काळी मिरी घातलेली. सगळा माल परत, टेम्पोचं भाडंही माझ्याच गळ्यात.

गडबड कुठे झाली? आपल्या मराठीत 'ए' एकच. इंग्रजीत दोन. मिरीवाल्या शब्दात 'ए' तोकडा: तोंड थोडं जास्त उघडायचं आणि लगेच 'प'वर यायचं. कागदवाल्या शब्दात तो लांबतो आणि शेवटी 'इ'कडे घसरतो, 'पेइपर' असा. देवनागरीत दोन्ही आपण 'पेपर'च लिहितो, म्हणून कानालाही फरक कळत नाही. धंद्यात अशा जोड्या खूप आहेत. टेस्ट म्हणजे चाचणी, टेइस्ट म्हणजे चव. वेट म्हणजे ओलं, वेइट म्हणजे वजन. ती 'इ'ची घसरण जमली नाही तर नुसता स्वर लांबवा, तरी काम होतं. साहेबी ॲक्सेंट आणायची काही गरज नाही.

दुसरी अडचण इ-ई, उ-ऊ. जहाजाला आणि मेंढीला आपण दोघांनाही 'शीप' म्हणतो. स्पॅनिश बोलणारेही इथेच अडतात, त्यांच्याकडे स्वरच पाच. आपलं कारण वेगळं. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की त्याच्या आधीचा इ-उ मराठीत दीर्घ होतो: मीठ, तूप, फूल. तीच सवय इंग्रजीवर चढते आणि 'फिल' भरायचं ते 'फील' वाटायचं होऊन बसतं. पण 'मिठाचा', 'तुपाचा' म्हणताना हाच स्वर ऱ्हस्व होतो ना? म्हणजे तोंडाला दोन्ही येतं! 'मिठाचा'मधला 'मि' पकडा, तो थोडा सैल सोडा, 'ए'कडे किंचित झुकवा आणि 'शिप' म्हणा. 'हाउसफुल्ल' तर आपण बरोबरच म्हणतो, कारण जोडाक्षराआधी स्वर आपोआप ऱ्हस्व होतो. तोच 'फु' 'फुल पेमेंट'मध्ये ठेवा, नाहीतर समोरच्याला 'मूर्ख पेमेंट' ऐकू येईल.

एका बाबतीत आपण पुढे आहोत. पेन-पॅन, कोट-कॉट हा फरक आपल्याला लहानपणापासून येतो. 2009 साली महाराष्ट्र शासनाने ॲ आणि ऑ अधिकृत वर्णमालेतही घेतले. तिथे वेळ घालवू नका.

सराव असा करा. तुमच्या मालाच्या यादीतल्या पाच जोड्या काढा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून एखाद्या मराठी न येणाऱ्या मित्राला पाठवा. बोरिवली-घाटकोपरला असे शेजारी शोधावे लागत नाहीत. त्याला विचारा, कुठला शब्द ऐकू आला? त्याने चुकीचा सांगितला की तोच शब्द पुन्हा पाठवा.

आणि ऑर्डर घेताना नेहमी जोडशब्द वापरा: 'ब्लॅक पेपर', 'पेपर बॅग'. फोन ठेवल्यावर लगेच मेसेज टाका, मालाचा फोटो जोडून. मी आता मिरीच्या चकलीचा फोटो मोबाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय.